वही देऊ नकोस, शेजारी बसव

सर,

मी फिटर ट्रेडमधून आयटीआय केलं. गेल्या सप्टेंबरपासून मरोळ एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला अप्रेंटिस आहे. कळव्याला राहते. आम्ही सहा जण आहोत, पाच मुलगे आणि मी. आमचे मामा (सगळ्यांत जुने फिटर, अख्खी कंपनी त्यांना मामाच म्हणते) स्वभावाने चांगले आहेत, पण स्पॅनर हातात देत नाहीत. 'बघ आणि शीक' म्हणतात. पाच महिने मी बघतेच आहे. मशीन पुसणं, ग्रीस भरणं, शेवटी गार्ड (मशीनचं संरक्षक झाकण) लावणं, एवढंच माझ्या वाट्याला.

दुसरं डायरीचं. मी रोज घरी जाताना मेट्रोत उभ्या उभ्या दिवसभराचं लिहून काढते. शुक्रवारी सुपरवायझरची सही असते, म्हणून गुरुवारी दोघं जण माझी डायरी मागून उतरवतात. आता ट्रेनिंग मॅनेजर म्हणतात, ग्रुपमध्ये शिका, एकमेकांना शिकवा. सहा जणांना मिळून एक प्रोजेक्ट दिलाय. तो मी आणि आणखी एक मुलगा करतोय, बाकीचे चहाच्या टपरीवर. वर असं ऐकलंय की वर्ष संपल्यावर आमच्यातले एक किंवा दोघंच घेणार. मग मी माझं डोकं दुसऱ्यांना का वाटू? आई म्हणते, आपलं आपल्यापाशी ठेव. तुम्ही काय म्हणाल?

आणि स्वतःचा व्हर्नियर घ्यावा का? नागदेवीला मिळतो म्हणतात.

– कानस, कळवा

प्रिय कानस,

टोपणनाव झकास, लोखंड घासायचं हत्यारच. रफ की स्मूथ ते लिहिलं नाहीस, पण पत्राची धार बघता रफच असावीस. तू 'सर' म्हणालीस म्हणून मी सरळ 'तू'वर येतो. सव्वीस वर्षं फिटर ट्रेडला शिल्पनिदेशक होतो. समोर बसलेल्या पोरापोरींना अहोजाहो करायची सवय कधी लागलीच नाही.

आईचं आधी घेतो, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. 'आपलं आपल्यापाशी ठेव' हे दागिन्यांच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. हातातल्या कसबाबद्दल मीही एकेकाळी तसंच वागलो. उमेदवारीला असताना लेथवर, जॉब पकडणाऱ्या चार जबड्यांच्या चकमध्ये गोल जॉब सेंटरला आणायची माझी एक 'स्पेशल' पद्धत होती. डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावायचा, समोरासमोरच्या दोन जबड्यांपाशी रीडिंग घ्यायचं, जेवढा फरक तेवढा जॉब सरकवायचा, मग थोडा मागे, परत थोडा पुढे. सहा-सात फेऱ्यांत जमायचं. बाकीच्यांना दहा-बारा लागायच्या, त्यामुळे मी स्वतःला उस्ताद समजायचो आणि कुणी बघायला आलं की अंग आडवं घालायचो. आठ महिन्यांनी एक नवा मुलगा माझ्या हाताखाली दिला, त्याला दाखवणं भाग पडलं. दाखवताना तो म्हणाला, "पण जॉब एकीकडे सरकला की दोन्हीकडचं रीडिंग बदलणार ना? एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त. मग फरकाच्या निम्मंच सरकवायला हवं." मी गप्प. निम्मं सरकवून बघितलं. दोन फेऱ्यांत जॉब सेंटरला. आठ महिने जे मी कुणाला बघू दिलं नव्हतं ते मुळात चुकीचं होतं, आणि कुणी बघितलं नव्हतं म्हणून मला कुणी सांगितलंही नव्हतं.

तेव्हा वाटून टाक. फक्त काय वाटायचं त्याची रेघ आधी मार, आणि त्या रेघेच्या अलीकडे डायरी ठेव. डायरी कुणाला द्यायची नाही.

मी असं म्हणतो त्यामागे तुझा स्वतःचा फायदाही आहे. प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवणं शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम १९ नुसार मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या डायऱ्यांवर सही होते ती काही हौस म्हणून नव्हे. तिघांच्या डायरीत एकाच तारखेला, एकाच पंपाबद्दल, तेच वाक्य दिसलं की तपासणारा तिघांकडेही संशयानेच बघतो. मूळ कुणाचं, हे शोधत बसायला त्याला वेळ नसतो. मी स्वतः अशा डायऱ्या तपासल्यात. एका मुलाने तर शेजाऱ्याची उतरवताना त्याचं गावाला गेल्याचं सुट्टीचं पानही उतरवलं होतं.

गुरुवारी मागायला आले की एवढंच म्हण: "डायरी नाही देत रे. जेवणाच्या सुट्टीत बस, तू आठवडाभर काय केलंस ते मला सांग, मी विचारते, तू लिही." दोघांतला एक रुसेल. रुसू दे. दुसरा बसला तर त्याला चार प्रश्न विचार: बिघाड आहे हे कळलं कशावरून? उघडल्यावर काय दिसलं? काय बदललं? आणि बदललं ते का बिघडलं होतं? शेवटच्या प्रश्नाला तो 'माहीत नाही' म्हणेल. तर डायरीत तेच लिहायला लाव. 'पंपाचे मेंटेनन्स केले' असं लिहिलेली डायरी आणि 'कूलंट पंप, कपलिंगपाशी आवाज. कपलिंगचं रबर एका बाजूने झिजलेलं. मामांनी मोटरच्या मागच्या उजव्या पायाखाली ०.२ मिलिमीटरचं शिम (पातळ पत्रा) घातलं. का, ते विचारायचं' असं लिहिलेली डायरी, यातली दुसरी कुणी उतरवून नेली तरी तिचा त्याला उपयोग नाही. कारण तो शिमचा प्रश्न त्याचा नसतो. तू मेट्रोत लिहितेस ती दुसऱ्या जातीची असणार, पत्रावरूनच कळतं.

आता प्रोजेक्ट. दोघं राबतात आणि चौघं चहाला, हे प्रत्येक बॅचमध्ये होतं आणि त्यात दोष फक्त चहावाल्यांचा नसतो. मी जोड्या लावून जॉब द्यायचो तेव्हाची गोष्ट. एक जोडी अशी की त्यांचा जॉब नेहमी पहिला नंबर. गुण्या लावला तर उजेड दिसायचा नाही, इतकं चौकोनी फायलिंग. मी दोघांना सारखेच मार्क देत राहिलो. परीक्षेत जोडीतल्या दुसऱ्याच्या हातात मायक्रोमीटर दिला आणि झिरो एरर विचारला, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. वर्षभर त्याने जॉब धरला होता, झाडू मारला होता, चिंधी दिली होती. पहिल्याला येत होतं म्हणून पहिल्याने केलं. त्यात त्याची आढ्यता नव्हती, त्याला ते सोपं वाटत होतं, एवढंच.

त्यानंतर मी वर्कशॉपमध्ये एक नियम केला: ज्याला येतं त्याचे हात पाठीमागे. अक्षरशः. मागे हात बांधून, हातात चिंधी धरून उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. करायचं ते ज्याला येत नाही त्याने. पहिल्या दिवशी हुशार मुलांचे जे हाल होतात ते बघण्यासारखे असतात. हात शिवशिवतात. "अरे तसं नाही, दे इकडे" हे वाक्य ओठांवर येतं आणि 'दे इकडे' म्हणता येत नाही. मग शब्द शोधावे लागतात. कानस पुढे ढकलताना डाव्या हाताचा दाब कमी होत जातो आणि उजव्याचा वाढत जातो, हे माझ्या कित्येक मुलांच्या हाताला येत होतं, पण बोलून दाखवायची वेळ आली तेव्हाच त्यांच्या डोक्यात शिरलं. तुमच्यात एखादा हिंदीवाला असेलच, मुंबईतली बॅच आहे. त्याला हिंदीत सांगताना तुझी आणखी एक परीक्षा होईल. 'टॉलरन्स' हा शब्द तसाच न वापरता सांगून बघ. 'ड्रॉइंगच्या मापापेक्षा किती कमी-जास्त झालं तरी चालेल' असं म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की ड्रॉइंगवरचा तो बारीक आकडा सजावटीचा नाही.

प्रोजेक्टमध्ये हाच नियम लाव. चहावाल्या चौघांपैकी एकाला बोलाव, एकालाच. चौघांना एकदम सुधारायला जाऊ नकोस.

पण मला विचारशील तर त्या प्रोजेक्टपेक्षा जास्त शिकवणारी वस्तू तुमच्या मेंटेनन्सच्या कोपऱ्यात पडलेली आहे. एखादा पत्र्याचा डबा असेल, बदललेली बेअरिंगं टाकायचा. भंगारवाला यायच्या आत त्यातली सहा उचल. सुपरवायझरला विचारून उचल, नाहीतर गेटवर पंचाईत व्हायची. केरोसीनमध्ये धुऊन काढा, चिंधीने पुसा, आणि शनिवारी जेवणानंतर अर्धा तास सहाही जण एका टेबलाशी बसा.

सुरुवात नंबरपासून करा. रिंगवर ६२०५ कोरलेलं असेल. शेवटचे दोन आकडे शून्य-पाच, त्याला पाचने गुणायचं: आतलं भोक पंचवीस मिलिमीटर. आयटीआयमध्ये सांगितलं असेल. आता ६२०३ शोधा आणि सगळ्यांना मोजायच्या आधी आकडा लिहायला लाव. पाच जण पंधरा लिहितील. मग व्हर्नियर लावा: सतरा. तिथे जी आरडाओरड होते ती मला फार आवडायची, हा सापळा मी दर बॅचला लावत असे. गुणिले पाच हा हिशोब शून्य-चारपासून पुढे चालतो. त्याच्या आधीची चार मापं दहा, बारा, पंधरा, सतरा अशी ठरलेली आहेत. फळ्यावर लिहून दिलं असतं तर परीक्षेपर्यंत टिकलं असतं. चुकीचा आकडा स्वतःच्या अक्षरात लिहिलेला असला की माणूस जन्मभर विसरत नाही.

मग बेअरिंग उघडा. हातोड्याने फोडायचं नाही हं, कडक पोलाद असतं, ठिकरी डोळ्यात जाते. गोळ्या धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याचे रिव्हेट ग्राइंडरवर उडवून द्यायला मामांना सांग, आणि तेव्हा गॉगल लाव. आता गोळ्या जिथून फिरतात ती वाट बघा, रेस. प्रत्येक बेअरिंग वेगळ्या कारणाने मेलेलं असतं आणि कारण त्या वाटेवर लिहिलेलं असतं. गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे दिसले तर बसवताना कुणीतरी चुकीच्या रिंगवर ठोकलंय: शाफ्टवर घट्ट बसणारं बेअरिंग असेल तर जोर आतल्या रिंगवर यायला हवा, बाहेरच्या रिंगवर ठोकलं की तो मार गोळ्यांतून जातो. कपडे धुवायच्या जुन्या फळीसारख्या ओळीने पट्ट्या दिसल्या तर त्यातून वीज गेलीय. ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेवर) चालणाऱ्या मोटरच्या बेअरिंगला हे होतं. निळसर काळं पडलं असेल तर तापलंय, ग्रीस संपलं किंवा चुकीचं होतं. वाट एका बाजूला तिरपी गेली असेल तर शाफ्ट सरळ नव्हता. आणि नुसतेच पापुद्रे निघाले असतील तर बिचारं वय होऊन गेलं असेल.

हे सगळं मी तुला सांगितलं, तू मात्र टेबलावर आधी सांगू नकोस. प्रत्येकाने आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, न बोलता. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा. वाद झाला की परत चिठ्ठी लिहायची, हवं तर मत बदलून. चिठ्ठीचा आग्रह अशासाठी की चिठ्ठी नसली तर ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर सगळ्यांचं होतं, आणि सहांतल्या एकाचा आवाज नेहमीच मोठा असतो. ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मुलं सूत्रं पाठ करून गणितं सोडवतात पण साध्या प्रश्नाला अडतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९९१ च्या सुमारास त्यांनी वर्गात हे सुरू केलं: आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याला पटवणं, मग पुन्हा उत्तर. त्यांच्याकडे त्याला मोठं नाव आहे. वरळीच्या अभ्यास गल्लीत आम्ही बीडीडी चाळीतली मुलं दिव्याखाली हेच करायचो, चिठ्ठीशिवाय.

आणि निकाल कोण देणार? मामा.

मामांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुझ्या पत्रात त्यांच्यावर राग कमी आणि ओढ जास्त दिसते. मशीन बंद पडलं की मामांच्या डोक्यावर प्रॉडक्शनवाले उभे असतात. त्या वेळी तुझ्या हातात स्पॅनर देणं म्हणजे शिव्या त्यांनी खायच्या आणि शिकायचं तू. ते स्वतःही 'बघ आणि शीक' यावरच शिकलेत, दुसरी रीत त्यांना कुणी दाखवली नाही. भंगाराच्या बेअरिंगला मात्र घाई नसते. सहा पोरं टेबलाभोवती भांडताना दिसली की मामा येणार, मागे हात घालून उभे राहणार, आणि पाचव्या मिनिटाला म्हणणार, "अरे हे दोन नंबर मशीनचं, मीच काढलंय." तिथून पुढे तुला फक्त ऐकायचंय. आणि विचारायचं असेल तर 'काय केलं' असं विचारू नकोस. 'उघडायच्या आधी तुम्हाला कशावरून कळलं?' असं विचार. जुने फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि आवाज ऐकतात. त्यांना काय ऐकू येतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नसतं, कारण कुणी विचारलेलं नसतं. चांगलं बेअरिंग कसं वाजतं ते आधी ऐकून घे, चालू मशीनपाशी जायचं असेल तर ओढणी, केस, बाह्या सांभाळून आणि मामा शेजारी असतानाच.

तू लिहितेस की शेवटी गार्ड लावणं एवढंच वाट्याला येतं. हे तू तक्रार म्हणून लिहिलंस, मला ते दार वाटतं. जीन लेव्ह नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई १९७० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत, लायबेरियात शिंप्यांच्या दुकानांत जाऊन बसल्या होत्या. तिथला नवा शागीर्द आधी इस्त्री, काज-बटण, कडा दुमडणं शिकतो, मग शिवणं, कापड बेतणं सगळ्यांत शेवटी. म्हणजे कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या बरोब्बर उलट. बटण चुकलं तर उसवता येतं, कात्री चुकली तर कापड गेलं. आणि बटणं लावता लावता तयार सदरा कसा जोडलेला असतो ते पोराच्या नजरेखालून शंभर वेळा जातं.

तेव्हा मामांकडे पहिलं काम मागू नकोस, शेवटून दुसरं माग. गार्ड तुझाच आहे, आता म्हण, "मामा, कपलिंगचे बोल्ट मी आवळते, तुम्ही चेक करा." ते पंधरा दिवस नीट झालं की अलाइनमेंटचा डायल धरायला माग. मग बेअरिंग बसवताना ते तापवायचं काम: हीटर असेल तर त्यावर, साधारण एकशे दहा डिग्रीला, एकशे वीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. अशी एकेक पायरी उलटी चढ. आणि मामा मशीन उघडायच्या आधी हसत हसत एकदा म्हणून बघ: "मामा, काय बिघडलंय ते मी आधी सांगते, चुकलं तर अख्ख्या डिपार्टमेंटला सांगा." नुसतं बघणं आणि अंदाज बांधून बघणं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, मामांना त्यात काही गमवावं लागत नाही. तू चुकलीस तर त्यांना मजा वाटेल, आणि मजा वाटली की माणूस बोलतो.

एक गोष्ट मात्र हट्टाने. ज्या दिवशी हात लावायला मिळेल त्या दिवशी मेन स्विचला तुझं स्वतःचं कुलूप लागलेलं असलं पाहिजे, किल्ली तुझ्या खिशात. लॉकआउटच्या, म्हणजे काम चालू असताना कुणी स्विच टाकू नये म्हणून कुलपं अडकवायच्या, त्या लाल चिमट्याला बहुतेक सहा भोकं असतात. तुम्ही सहा जण मिळून काम करत असाल तर मामांच्या कुलपाला जागा ठेवा, म्हणजे दुसरा चिमटा मागून घ्या. 'एकाचं लावलंय ना, पुरे' असं कुणी म्हटलं तर तिथे सिनियर-ज्युनियर बघायचं नाही.

टपरीचं तू ओझरतं लिहिलंस, पण मला ते डाचलं. मुलं चहाला जातात तिथे नुसता टाइमपास होत नाही. कुठलं मशीन कुणी खोललं, कुठल्या कंपनीत जागा निघाली, हे सगळं तिथेच बोललं जातं. तू तिथे जावंस की नाही, हे मी पुरुषाने तुला शिकवू नये. पण म्हणूनच मी शनिवारचं टेबल कॅन्टीनमध्ये किंवा मेंटेनन्सच्या कोपऱ्यात, कंपनीच्या वेळेत मांडायला सांगतोय. चहा तिथेच मागवा.

कंपनीच्या वेळेत यासाठी की तो तुमचा हक्क आहे. त्याच शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम १० सांगतं की उमेदवारीच्या काळात ट्रेडशी निगडित थिअरीचं शिक्षणही द्यायचं, आणि त्या तासांना जो वेळ जाईल तो पगारी कामाचाच धरायचा. सरकारी मराठीत याला 'अनुषंगिक सूचना' म्हणतात; हे नाव ठेवणाऱ्याने वर्गात कधी पाऊल ठेवलं होतं की नाही देव जाणे. कलम दाखवत मॅनेजरकडे जाऊ नकोस, ते गरज पडली तर पुढच्या वेळी. आत्ता असं म्हण: "सर, आम्ही दर आठवड्याला एकेक ओपीएल बनवू." वन पॉइंट लेसन, एका कागदावर एकच मुद्दा, हाताने काढलेलं चित्र आणि दोन ओळी. तुमच्या भिंतीवर असतील, बघ, वर्षानुवर्षं तीच पिवळी पडलेली. ऑडिटला नवीन कागद दाखवायला मिळतात म्हटल्यावर अर्ध्या तासाला नाही म्हणणारा मॅनेजर मी अजून बघितला नाही. ६२०३ ची गंमत हा तुमचा पहिला ओपीएल. खाली नाव ज्याने काढला त्याचं एकट्याचं टाकायचं, सहांचं नाही. त्या चौघांना ओढून आणायला मी इतकं सांगतोय त्याहून हे जास्त कामाला येईल.

राहिली नोकरी. 'एक किंवा दोघं घेणार' हे तू ऐकलंयस. ऐकण्यावर राहू नकोस. कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. कलम २२ नुसार वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, करारात तसं कबूल केलं असेल तर गोष्ट वेगळी. मात्र २०१४ च्या दुरुस्तीनंतर स्वतःकडे शिकलेल्या उमेदवारांच्या भरतीचं धोरण प्रत्येक कंपनीने ठरवायचं आहे. तर एचआरला सरळ विचार, धोरण काय आहे, निवड कशावर करता. सहा जणांनी मिळून विचारलंत तर एकटीवर रोख येत नाही. आणि आधी तुझा करार काढून वाच; कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल.

हेही लक्षात घे की वर्षाच्या शेवटी जी ट्रेड टेस्ट आहे तिच्यात सहाच्या सहा पास होऊ शकतात, तिथे जागा मोजलेल्या नाहीत. जागा मोजलेल्या आहेत त्या कंपनीत, आणि कदाचित तिथे शून्य असतील. मग रबाळे, तळोजा, अंबरनाथला कुठे फिटर हवाय हे तुला कोण कळवणार? वर्तमानपत्रात त्या जाहिराती येत नाहीत. माझ्या जुन्या मुलांना लागलेल्या नोकऱ्यांचा हिशोब मांडला तर बॅचमेटच्या फोनवर लागलेल्याच जास्त भरतील. आणि फोन करणारा शिफारस कुणाची करतो? ज्याच्याकडून त्याला एखादी गोष्ट कळली होती त्याची. मी तुला खात्री देत नाही की वाटलंस म्हणून तुलाच घेतील. तुझं काम दुसऱ्याच्या नावावर खपवणारा एखादा भेटेलही. ओपीएलखाली एकट्याचं नाव मी त्यासाठीच सांगितलं. आईला एवढं सांग की डायरी मी कपाटात ठेवलीय. बाकीचं तिला निकाल लागल्यावर कळेल.

व्हर्नियर घे. कंपनीच्या जॉबचं माप मात्र कंपनीच्याच कॅलिब्रेट केलेल्या व्हर्नियरने घ्यायचं, स्वतःचा सरावासाठी. डिजिटल घेऊ नकोस. बॅटरी संपते आणि वाचायची सवयही जाते. दीडशे मिलिमीटरचा साधा, ०.०२ चा. सरकत्या पट्टीवर पन्नास रेघा एकोणपन्नास मिलिमीटरमध्ये बसवल्यात ना, मोजून बघ, ०.०२ तिथूनच येतो. एकटीला महाग पडत असेल तर सहा जणांत काढा आणि आठवड्याआड एकेकाकडे ठेवा. नागदेवीला जाशील तर मस्जिद बंदरला उतर, शनिवारी दुपारी जाऊ नकोस, हातगाड्यांतून वाट मिळत नाही. दुकानातच जबडे बंद करून ट्यूबलाइटच्या दिशेने धर. मधून उजेड दिसला तर पुढच्या दुकानात जा.